सगळ्या फायली ११:४२ च्या

संगणकावरच्या ‘डेट मॉडिफाइड’ या रकान्यावर आपल्या लोकांची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी आता पंचांगावरही राहिलेली नाही. मुहूर्ताबद्दल दोन गुरुजींचं दुमत होऊ शकतं. पण त्या रकान्याच्या डोक्यावर एकदा टिचकी मारली की सर्वांत वर येईल ती सर्वांत ताजी फाइल, याबद्दल कोणालाच शंका नसते. नावावर विश्वास ठेवायची सोय नाहीच. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या संगणकात ‘वार्षिक सभा फायनल’, ‘वार्षिक सभा फायनल नवीन’, ‘वार्षिक सभा फायनल खरी’ आणि ‘वार्षिक सभा फायनल खरी काकांची दुरुस्ती’ अशा चार फायली सुखाने नांदत असतात. काकांची दुरुस्ती कमिटीने कधीच फेटाळलेली असते, पण ते फाइलला कोणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी उरते ती तारीख. ती खोटं बोलत नाही, कारण ती माणसाने घातलेली नसते.

प्रोग्रामर मंडळी या ‘फायनल खरी’च्या फेऱ्यातून सुटली ती गिटमुळे. गिट म्हणजे मजकुराची वंशावळ ठेवणारं साधन. कोणी, कधी, कोणत्या ओळीत स्वल्पविराम घातला आणि दुसऱ्या दिवशी तो कोणी खोडला, याची नोंद त्यात कायमची. एकाच माणसाने दोन्ही केलं असेल, तर तेही दिसतं. इतकं चोख दप्तर ठेवणाऱ्या गिटकडून एखाद्या प्रकल्पाची प्रत घ्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘क्लोन’ करा, आणि तो तारखेचा रकाना बघा. दहा वर्षांपूर्वी लिहिलेली फाइल आणि काल लिहिलेली फाइल, दोघींची तारीख आजची. वेळही एकच. तुम्ही क्लोन केलंत ती.

हे माहीत नसलेल्या माणसाला समजावून सांगणं किती अवघड असतं, ते ओळखीतल्या चारपाच मुलांनी अनुभवलं. एका संस्थेच्या हिशेबाचा प्रोग्राम त्यांनी लिहून दिला होता. काम तीन महिने चाललं. बिल मंजूर करण्याआधी संस्थेच्या साहेबांना ‘मूळ माल’ डोळ्यांखालून घालायचा होता, म्हणून मुलांनी ताजा क्लोन घेऊन पेनड्राइव्हवर घालून दिला. कॉपी करताना विंडोज फाइलची तारीख बदलत नाही, तेव्हा क्लोनच्या तारखा जशाच्या तशा साहेबांच्या टेबलावर पोचल्या. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, रकाना बघितला, चष्मा खाली घेतला, परत बघितला.

“अहो, या सगळ्या फायली बुधवारच्या आहेत. सकाळी ११:४२.”

“हो साहेब, ते क्लोन केल्यामुळे तसं दिसतं.”

“सगळ्याच्या सगळ्या ११:४२?”

“हो.”

“म्हणजे बिल लावलंय तीन महिन्यांचं, आणि काम केलंय बुधवारी. एका मिनिटात.”

“तसं नाही साहेब. ती तारीख लिहिल्याची नाही, फाइल इथे उतरल्याची आहे.”

“कुठून उतरली?”

“गिटमधून.”

“मग गिटमध्ये तिच्यावर कोणती तारीख होती?”

“गिटमध्ये फाइलला तारीख नसते.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. उभ्या नोकरीत बिनतारखेचा कागद त्यांनी आपल्या टेबलावरून पुढे जाऊ दिला नव्हता, आणि इथे समोर बसलेला मुलगा बिनतारखेच्या शेकडो कागदांचं बिल मागत होता. शिवाय गालातल्या गालात हसत होता.

मुलगा म्हणत होता ते मात्र अक्षरशः खरं आहे. गिट एखादं फोल्डर साठवतं तेव्हा प्रत्येक फाइलबद्दल तीनच गोष्टी टिपून घेतं: नाव, मजकुराचा हॅश (म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा) आणि परवानगीचा आकडा. परवानगीतही हात आखडताच. फाइल चालवण्याजोगी आहे की नाही एवढंच बघायचं, मालक कोण आणि गट कोणता याची विचारपूस नाही. तारखेला तर जागाच ठेवलेली नाही. तारीख असते ती कमिटला, म्हणजे एका दमात केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याला. फाइल बापडी गठ्ठ्यातली एक. तिची स्वतःची म्हणून तारीख नाही. मग ती डिस्कवर उतरते तेव्हा डिस्क विचारते, तारीख काय लावू? गिट काहीच बोलत नाही. डिस्क आपल्या घड्याळात बघते आणि समोर दिसेल ती वेळ टाकून मोकळी होते.

आपल्याकडे हे नवीन नाही. महाराष्ट्रात एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे. पोराला शाळेत घालायला वडील घेऊन यायचे, गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? उत्तर यायचं, “आंबे उतरत होते तेव्हाचा.” किंवा, “धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्याच्या आदल्या साली.” गुरुजी एकदा पोराकडे बघायचे, एकदा हजेरीपटाकडे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते त्या हिशेबाने लिहायचे, १ जून. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एका दिवशी. पुढे ही सगळी पोरं नोकरीला लागली. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, या नियमाने ती सगळी ३१ मे या एकाच दिवशी घरी बसली. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची जी रांग लागते, शाली आणि नारळ जे उठतात, ते सगळं गुरुजींच्या एका टाकाचं कर्तृत्व. आणि गुरुजींचं चुकलं कुठे? त्यांना विचारलं होतं एक आणि ठाऊक होतं दुसरंच. पोरगा जगात कधी आला हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. शाळेत कधी आला ते पक्कं ठाऊक होतं.

फाइलच्या तारखेचंही नेमकं तेच दुखणं आहे. त्या एका रकान्याला आपण दोन प्रश्न विचारतो. हा मजकूर लिहिला कधी, आणि ही फाइल या डिस्कवर शेवटची हलली कधी? एकट्या माणसाच्या एकट्या संगणकावर दोन्हींचं उत्तर बहुधा एकच निघतं, म्हणून प्रश्न दोन आहेत हे कळतच नाही. प्रत काढली की फरक उघडा पडतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो रकाना मुळात नव्हताच. माणसांनी तो आपल्या सोयीसाठी बळकावला. तो ज्याच्यासाठी मोलाचा आहे तो गिऱ्हाईक माणूस नाही, ‘मेक’ आहे.

मेक ही एक जुनी, खाष्ट आणि अत्यंत उपयोगी आज्ञावली. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिली, आणि २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना तिच्यासाठी मिळाला. जन्मकथा मोठी झकास आहे. ‘यॅक’ नावाचा प्रोग्राम लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी नशिबाला शिव्या घालत फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती, आणि प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे चालवण्याजोगी बनवायची, तेवढी राहिली होती, त्यामुळे चालत होता तो जुनाच माल. फेल्डमन यांची आदली संध्याकाळ अशाच भानगडीत गेली होती. दोन थोर माणसांचा असा वेळ फुकट गेल्यावर एक अवजार जन्माला आलं. (मेकच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, या प्रकरणावर मी इथे तोंड उघडत नाही. उघडलं तर हा लेख दिवाळी अंकातही मावणार नाही.)

मेकचा कारभार एका नियमावर चालतो. मूळ फाइल आणि तिच्यापासून बनलेली फाइल, दोघींच्या तारखा बघायच्या. मूळ जास्त ताजी असेल तर नव्याने बनवायचं, नाहीतर हात लावायचा नाही. आत काय लिहिलंय हे मेक वाचत नाही. वाचायची गरज नाही हेच तर तिचं वैशिष्ट्य, आणि म्हणून ती इतकी झटपट.

आता धरून चला की गिटने साहेबांचं मन राखायला प्रत्येक फाइलची मूळ तारीख जपली. काल संध्याकाळी पाचला तुम्ही प्रोग्राम बांधलात. बांधलेल्या फायलींवर कालची तारीख. आज सकाळी एका जुन्या ब्रांचवर, म्हणजे त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या फांदीवर, गेलात, कारण मार्चमध्ये दिलेल्या आवृत्तीत गिऱ्हाइकाला काहीतरी खुपतंय. गिट मार्चमधला मजकूर आणून ठेवतं आणि त्यावर इमानेइतबारे मार्चची तारीख टाकतं. तुम्ही मेक चालवता. मेक बघते: मूळ फाइल मार्चची, बांधलेली फाइल कालची. म्हणजे बांधलेली ताजी. “करण्यासारखं काही नाही,” असं सांगून ती आडवी होते. पुढ्यात मार्चचा मजकूर, हातात कालचा प्रोग्राम, आणि जॉन्सन यांची ती सकाळ तुमच्या वाट्याला. म्हणून गिट मजकूर बदलला की आत्ताची तारीख लागू देतं. मजकूर जुना असेल, पण या फोल्डरात तो आत्ता आला, आणि त्याच्यावर बेतलेलं सगळं आता शिळं झालं. मेकला एवढंच कळायला हवं असतं.

गिट २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे मुळात रोज बांधल्या जाणाऱ्या प्रचंड प्रकल्पासाठी. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

अर्थात या शहाणपणाचा जाच होतोच. मुख्य ब्रांचवर सगळं बांधून तयार आहे. शेजारची मुलगी म्हणते, “अरे, त्या जुन्या ब्रांचवर एक ओळ बघून सांग ना.” तुम्ही जाता, ओळ बघता, परत येता. काहीही बदललेलं नाही, अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. पण दोन ब्रांचमध्ये ज्या फायली वेगळ्या होत्या, त्या जाताना एकदा आणि येताना एकदा नव्याने लिहिल्या गेल्या. त्यांतली एखादी अशी निघते की तिच्यावर निम्मा प्रकल्प अवलंबून. मेकच्या दृष्टीने सगळं ताजं, म्हणून सगळं पुन्हा बांधायचं. तुम्ही चहाला जाता. परत येता. अजून चाललेलंच असतं. यावर २०१५ च्या जुलैमध्ये गिटने ‘वर्कट्री’ हा तोडगा आणला: दुसरी ब्रांच दुसऱ्या फोल्डरात उघडा, पहिलीला धक्का नको. उत्तम सोय आहे. ती न वापरण्याकडेच लोकांचा कल असतो, कारण चहा सुटतो.

याहून मजेदार भानगड होते ती बनवलेल्या फायलीसुद्धा गिटमध्ये ठेवल्या की. काही प्रकल्पांत ‘पार्सर डॉट वाय’ ही माणसाने लिहिलेली फाइल असते आणि तिच्यापासून बायसन नावाचं अवजार ‘पार्सर डॉट सी’ बनवतं. प्रत्येकाकडे बायसन असेलच असं नाही, म्हणून दयाळू लोक तयार ‘डॉट सी’ही सोबत देतात. इरादा नेक. आता क्लोन करताना गिट फायली डिस्कवर लिहितं ते नावाच्या क्रमाने. रोमन वर्णमालेत सी आधी, वाय नंतर. म्हणून आधी उतरते ती बनवलेली फाइल, आणि तिच्या मागून, निमिषभराने, जिच्यापासून ती बनली ती मूळ फाइल. लेक बापाच्या बारशाला जेवून बसलेली. मेक बघते, मूळ फाइल जास्त ताजी, आणि हुकूम सोडते: बायसन बोलवा! बायसन घरात नाही. बिल्ड तिथेच ठप्प.

‘कॉन्फिगर’ आणि ‘कॉन्फिगर डॉट एसी’ या जोडीचंही तेच. पहिली दुसरीपासून बनते, पण नावाने आखूड असल्यामुळे रांगेत आधी उभी राहते. क्लोन केलेल्या पोराला काही न बदलता पहिल्याच फटक्यात “ऑटोकॉन्फ तुमच्या संगणकावर सापडत नाही” या छापाचं बोलणं खावं लागतं, आणि त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चुकलं ते वर्णमालेचं.

त्यातून गंमत अशी की घड्याळं सुधारली तसं हे दुखणं वाढलं. ईएक्सटी३ ही लिनक्सची जुनी फाइलव्यवस्था वेळ फक्त सेकंदापर्यंत लिहायची. लहानसा प्रकल्प एका सेकंदात उतरायचा, सगळ्यांची वेळ बरोब्बर सारखी पडायची आणि बरोबरीच्या वेळी मेक ‘जाऊ दे’ म्हणायची. २००८ मध्ये ईएक्सटी४ स्थिरावली आणि वेळ नॅनोसेकंदात लिहायची सोय झाली. घड्याळाचा काटा प्रत्यक्षात तेवढा बारीक सरकत नाही, पण सेकंदाच्या मानाने खूपच बारीक. आता त्याच दोन फायलींत कधी फरक पडतो, कधी पडत नाही, आणि तोच प्रकल्प सोमवारी बांधला जातो, मंगळवारी नाही. अज्ञान गेलं आणि त्याच्याबरोबर सुखही गेलं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की गिटला तारखांचं वावडं आहे, विरक्त आहे बिचारं. छे! दुसऱ्याची तारीख जपत नाही. स्वतःसाठी मात्र पै-पैचा हिशेब ठेवतं. प्रत्येक प्रकल्पात ‘डॉट गिट’च्या आत ‘इंडेक्स’ नावाची एक फाइल असते. तिच्यात तुमच्या प्रत्येक फाइलची बदलाची वेळ, आकार, आयनोड क्रमांक, एवढंच काय मालकाचा क्रमांकसुद्धा लिहून ठेवलेला असतो. हे गिटमधून बाहेर कोणाला पाठवायचं नाही, खाजगी टिपण. लिनक्स कर्नलमध्ये ७०,००० हून जास्त फायली आहेत. तुम्ही ‘गिट स्टेटस’ म्हणालात की त्या सगळ्या उघडून वाचत बसलं तर तुमची दुपार जाईल. म्हणून गिट दारावरूनच विचारतं: आकार तोच? वेळ तीच? मग आत यायची गरज नाही, तू बदललेली नाहीस. म्हणजे ज्या तारखेला साठवणीत जागा दिली नाही, तिच्याच भरवशावर रोजचा प्रपंच चाललेला.

आणि या प्रपंचात एक चोरवाट निघते. एका फाइलमध्ये तुम्ही फक्त ‘हो’ लिहिलंत आणि ती गिटमध्ये ‘अ‍ॅड’ केलीत. त्याच क्षणी मन बदललं आणि तुम्ही ‘हो’चं ‘ना’ केलंत. ‘हो’ युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये सहा बाइट. ‘ना’ही सहा बाइट. आकार तोच. घड्याळ सेकंदाचं असेल आणि सेकंद तोच असेल, तर वेळही तीच. दारावरून विचारणाऱ्याला आत होकार आहे की नकार, कळणार कसं? तारखेच्या भरवशावर राहणाऱ्या कोणालाही हा डाव फसवेल.

गिट फसत नाही, कारण ते स्वतःच्या घड्याळावरही संशय घेतं. इंडेक्स फाइलची स्वतःची वेळ बघायची; एखाद्या फाइलची नोंदलेली वेळ तिच्याइतकीच किंवा तिच्या पुढची असेल, तर ती फाइल संशयित. मग आकार आणि वेळ जुळली तरी तिला उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. एवढ्यावर थांबत नाही. इंडेक्स पुन्हा लिहिताना अशा संशयिताचा आकार मुद्दाम शून्य लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी ती हटकून अडवली जावी. स्वतःच्याच वहीत खोटी नोंद, तीही स्वतः गाफील राहू नये म्हणून! सासू-सुनेच्या मालिका लिहिणाऱ्यांना सुचणार नाही असला कावा आहे हा, आणि त्याच्यावर गिटच्या दस्तऐवजांत एक स्वतंत्र, गंभीर टिपण आहे.

उतरणाऱ्या फाइलला कोणती तारीख लावायची, यावर गिटच्या आधीच्या मंडळींनी काय केलं? सबव्हर्जनने आपल्या परीने लोकशाही मार्ग काढला. तिच्या सेटिंगमध्ये ‘यूज-कमिट-टाइम्स’ नावाचं एक बटण आहे. ते चालू केलंत तर फाइलला कमिटची वेळ लागते, नाहीतर आत्ताची. मुळात ते बंद असतं. चालू करा आणि मेकशी तुम्हीच काय ते बघून घ्या, असा एकूण सूर.

गिटकरांसाठी ‘गिट-रिस्टोअर-एमटाइम’ म्हणून एक उपाय मिळतो. तो इतिहास मागे-मागे चाळत जातो, प्रत्येक फाइलला शेवटचा हात कोणत्या कमिटने लावला ते शोधतो आणि ती तारीख फाइलवर डकवतो. काही ठिकाणी याची खरी गरज असते. आरसिंक हा प्रती काढणारा प्रोग्राम नेहमीच्या पद्धतीने आकार आणि तारीख एवढंच ताडतो. ताज्या क्लोनवरून सर्व्हरवर माल पाठवायचा तर त्याला वाटतं, सगळंच बदललं, आणि सगळ्याच फायलींची तो नव्याने तपासणी मांडतो. तारखा लावून घेतल्या की हा खटाटोप वाचतो.

पण हे अवजार आपोआप बांधणी करणाऱ्या सर्व्हरवर लावायला जावं, तर तिथे वेळ वाचवायला क्लोन ‘उथळ’ घेतलेला असतो, म्हणजे फक्त शेवटचं कमिट, मागचा इतिहास छाटून. त्या तुटक्या इतिहासात बघितलं तर सगळ्या फायली त्या एकाच कमिटने जन्माला घातलेल्या दिसतात. कोणी शेवटी एक टायपो सुधारला असेल तर अख्ख्या प्रकल्पाचं पितृत्व त्याच्याकडे. अवजार तत्परतेने सगळ्यांना तीच तारीख लावतं. गुरुजी बदलले, १ जून कायम.

साहेबांच्या बिलाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. मुलांनी ठरवलं की फायलींच्या तारखांचा नाद सोडायचा आणि गिटची नोंदवहीच छापून द्यायची. प्रत्येक कमिट, त्याची तारीख, कोणी केलं, काय केलं. रास्त विचार. टीममधल्या नव्या मुलाने तो तक्ता काढला. पण गिटमध्ये प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात: एक लेखकाची, म्हणजे बदल मुळात केल्याची, आणि दुसरी कमिटरची, म्हणजे ते कमिट आत्ताच्या रूपात नोंदल्याची. एरवी दोन्ही सारख्या. मात्र माल देण्याआधी इतिहास नीटनेटका दिसावा म्हणून मुलांनी शुक्रवारी ‘रीबेस’ केलं होतं. रीबेस सगळी कमिट नव्याने घडवतो. लेखकाची तारीख जुनी ठेवतो, कमिटरची बदलतो. नव्या मुलाने तक्त्यात घेतली ती कमिटरची.

साहेबांनी पानं उलटली. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत शुक्रवार, संध्याकाळ, आणि मिनिटांच्या आकड्यातही बदल नाही.

“आता बुधवार गेला आणि शुक्रवार आला,” साहेब म्हणाले. “तुमच्याकडे हा एक मिनिट मोठा राबतो हो.”

बिल शेवटी मंजूर झालं. लेखकाच्या तारखांचा तक्ता दिल्यावर झालं, असं मुलांचं म्हणणं. मार्चअखेर होती म्हणून झालं, असं माझं.

तारखांच्या या कटकटीला कंटाळून काही लोकांनी प्रश्नच निकालात काढला. त्यांना हवं होतं की एकच मजकूर कोणीही, कुठेही, कधीही बांधला तरी तयार होणारा माल बाइट न् बाइट तोच निघावा. त्यात सर्वांत मोठा अडथळा या तारखांचा. झिपमध्ये तारीख, टारमध्ये तारीख, कुठे कुठे प्रोग्रामच्या पोटात तारीख. म्हणून ‘सोर्स-डेट-एपॉक’ नावाचा एक संकेत ठरला: बांधताना घड्याळात बघायचं नाही, मी देतो तीच वेळ मानायची. निक्स या पॅकेजव्यवस्थेने तर कळस केला. तिच्या कोठारात जाणाऱ्या प्रत्येक फाइलला एकच वेळ, युनिक्सचं कालमापन सुरू झाल्यानंतरचा पहिला सेकंद. म्हणजे १ जानेवारी १९७०. युनिक्सचं ते ग्रीनिचच्या मध्यरात्रीचं, पण पुण्यातल्या संगणकावर बघाल तर पहाटेचे साडेपाच वाजून एक सेकंद. सगळ्या फायली ब्राह्ममुहूर्ताच्या आसपासच्या.

इथे तरी शांतता नांदावी ना? तर झिप आडवी आली. झिपच्या स्वरूपात वर्ष लिहायला जी जागा ठेवली आहे ती मोजणी १९८० पासून सुरू करते. त्याआधी जग होतं हे तिला मान्यच नाही. १९७० ची फाइल झिपमध्ये घालायला गेलं की पायथॉन साफ नकार देतो, १९८० पूर्वीच्या तारखा चालत नाहीत म्हणून. पायथॉनची पॅकेजं तर झिपमध्येच बांधली जातात. मग निक्सवाल्यांनी तेवढ्यापुरता तो संकेत वापरला आणि त्यात आकडा भरला ३१५५३२८००. इतके सेकंद १९७० नंतर मोजले की येतो १ जानेवारी १९८०. झिपला जी सर्वांत जुनी तारीख चालते, ती. आज दुपारी जेवण झाल्यावर कोणी लिहिलेली फाइल रात्री त्या झिपमध्ये १९८० ची होऊन बसते, तिच्या शेजारच्या सगळ्याही १९८० च्या, आणि कोणीही कोणाला बिल दाखवायला बोलावत नाही.